वॅटफर्ड–लेस्टर, मे २०१३: तो गोल नशिबाचा नव्हता

उजवा_विंगर

इंग्लंडमधल्या प्लेऑफचा विषय निघाला की कुणीतरी ती क्लिप पाठवतंच. पेनल्टी, गोलरक्षकाने अडवली, उलटून आलेला फटकाही अडवला, चेंडू दुसऱ्या टोकाला, गोल, आणि शर्ट काढून थेट प्रेक्षकांत घुसलेला वॅटफर्डचा ट्रॉय डीनी. १२ मे २०१३, व्हिकरेज रोड मैदान, वॅटफर्ड विरुद्ध लेस्टर सिटी, चॅम्पियनशिप प्लेऑफच्या उपांत्य फेरीतला दुसरा सामना. लेस्टरच्या नॉकार्टच्या पहिल्या फटक्यापासून डीनीच्या गोलपर्यंत वीसेक सेकंद.

क्लिपखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. "काय नशीब आहे!" "फुटबॉलमध्ये काहीही होऊ शकतं!" मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना ही पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची पायरी. २४ क्लब, प्रत्येकी ४६ सामने. पहिले दोन थेट वर जातात. तिसरा ते सहावा हे चार प्लेऑफ खेळतात. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी. दोन-दोन सामने, आणि वरच्या क्रमांकाच्या संघाला दुसरा सामना घरच्या मैदानावर. दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी. जिंकणारे दोघे वेम्बलीला अंतिम सामना खेळतात आणि त्यातला एकच वर जातो.

त्या हंगामात वॅटफर्ड ७७ गुणांवर तिसरे, लेस्टर ६८ गुणांवर सहावे. लेस्टर आणि सातव्या बोल्टनचे गुण सारखेच होते, फरक फक्त गोलांचा. पहिला सामना ९ मे रोजी लेस्टरला झाला आणि डेव्हिड न्यूजंटच्या ८२व्या मिनिटातल्या गोलवर लेस्टरने १-० असा जिंकला. दुसऱ्या सामन्यात १५व्या मिनिटाला वॅटफर्डच्या माटेइ व्हिद्राने हवेतून आलेला चेंडू खाली पडू न देता मारला आणि एकूण हिशेब १-१ केला. पाच मिनिटांच्या आत न्यूजंटने कॉर्नरवर डोकं लावून लेस्टरला पुन्हा पुढे नेलं. कॉर्नर घेणारा नॉकार्ट. ६५व्या मिनिटाला डीनीशी देवाणघेवाण करून व्हिद्राचा दुसरा गोल. त्या दिवशीचा स्कोअर २-१, एकूण २-२. तिथून पुढची पंचवीस-तीस मिनिटं दोन्ही संघ थकलेले आणि धास्तावलेले.

इंज्युरी टाइमच्याही शेवटी नॉकार्ट वॅटफर्डच्या गोलसमोरच्या पेटीत पडला, मागे वॅटफर्डचा बचावपटू मार्को कॅसेटी होता, आणि पंच मायकल ऑलिव्हरनी पेनल्टी दिली. नॉकार्टने मारली ती वॅटफर्डचा गोलरक्षक अल्मुनियाच्या पायांवर. चेंडू परत नॉकार्टकडेच आला. इथे बघा: अल्मुनिया पडलेला आहे, पण पहिली अडवली म्हणून क्षणभरही थांबत नाही, अंग पुढे टाकतो आणि दुसराही फटका अडवतो. मोकळा झालेला चेंडू कॅसेटी पेटीबाहेर भिरकावतो. ज्याच्यामुळे पेनल्टी दिली गेली होती तोच माणूस.

आता खरा मुद्दा. हिशेब २-२ होता. तिथे सामना संपला असता तर वॅटफर्ड हरलं नसतं, जादा वेळ मिळाला असता. नुकताच जीव वाचलेला संघ अशा वेळी चेंडू प्रेक्षकांत मारून श्वास घेतो. यांनी तसं केलं नाही. इकेची आन्या चेंडू घेऊन पळाला, त्याने फर्नांडो फोरेस्तिएरीला दिला. फोरेस्तिएरी एरवी चेंडू पायात ठेवून दोघा-तिघांना चकवायला बघणारा. त्या क्षणी त्याने मान वर केली आणि दूरच्या खांबाकडे क्रॉस टाकला. तिथे कोण, तर जोनाथन हॉग. मधल्या फळीतला, चेंडू हिसकावणारा खेळाडू, गोल करणाऱ्यांतला नव्हे. त्याला डोक्याने थेट गोलवर मारता आलं असतं. त्याने चेंडू खाली, मागे, डीनीच्या वाटेत ठेवला. आणि डीनीने तो वर न जाऊ देता लेस्टरचा गोलरक्षक श्मायकलच्या पुढून जाळ्यात घातला.

सहा माणसं, सहा निर्णय, सहाही बरोबर. याला नशीब म्हणायचं?

चंदगडकर

सुंदर लिहिलंय. क्लिप अनेकदा पाहिली होती, पण हॉगकडे लक्षच गेलं नव्हतं. आत्ता पुन्हा पाहिली. खरंच, त्याने थेट मारलं असतं तर श्मायकलने घेतला असता असं वाटतं.

एक प्रश्न आहे. ४६ सामने खेळून ज्याने नऊ गुण जास्त मिळवले, त्याला सहाव्याशी पुन्हा शून्यापासून खेळायला लावायचं हा कुठला न्याय? घरचं मैदान एवढाच काय तो फायदा. लेस्टरची ती पेनल्टी आत गेली असती तर वर्षभराच्या नऊ गुणांना काय अर्थ उरला असता?

पंचाची_शिट्टी

ती पेनल्टीच नव्हती, आणि धाग्यात यावर एकच वाक्य आलंय.

नॉकार्ट पडला तेव्हा कॅसेटीचा स्पर्श झाला असेल तर अगदी निसटता. वेगाने पेटीत शिरला, पाय ओढला आणि गेला. ऑलिव्हर तेव्हा २८ वर्षांचे होते. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती, दिसलं त्यावर त्यांनी निर्णय दिला. त्यांच्या जागेवरून ती पेनल्टी वाटू शकते हे मान्य. पण समजा गोल झाला असता, तर आज ही क्लिप "फुटबॉलमधले सर्वात वाईट निर्णय" अशा यादीत असती आणि नॉकार्टला आयुष्यभर डाइव्ह मारणारा, मुद्दाम पडणारा म्हटलं असतं.

"खोटी पेनल्टी होती म्हणून देवाने चुकवली" असं लोक म्हणतात, त्याला माझा विरोध आहे. खोट्या पेनल्ट्या रोज मारल्या जातात आणि रोज आत जातात. ही अडली कारण फटका वाईट होता आणि गोलरक्षक चांगला होता.

बेलग्रेव्हकर

मी गेली बरीच वर्षं लेस्टरला राहते, त्यामुळे या धाग्यावर लेस्टरच्या बाजूचा एक निळा आवाज असू द्या.

नॉकार्टबद्दल थोडं. तो तेव्हा २१ वर्षांचा होता. फ्रान्समधल्या गँगाँ क्लबकडून त्या हंगामाच्या सुरुवातीला आलेला, इंग्लंडमधलं पहिलंच वर्ष. लेस्टर प्लेऑफपर्यंत पोचलं तेही त्याच्यामुळे. ४ मे, साखळीचा शेवटचा दिवस, नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर २-२, आणि शेवटच्या क्षणी नॉकार्टचा गोल. फॉरेस्टशी लेस्टरचं हाडवैर. त्यांच्याच घरी त्यांना हरवून सहावी जागा घेतली. आठ दिवसांनी त्याच मुलाने चेंडू उचलून पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला. त्याला धाडस नव्हतं असं कुणी म्हणू नये. दोन सामन्यांत संघाला तारणारी गोष्ट त्यानेच केली होती, तिसऱ्यांदाही करायला तो पुढे आला.

@पंचाची_शिट्टी, इथल्या ओळखीतले लेस्टरचे कट्टर समर्थकही ती पेनल्टी मऊ होती, फार सहज दिली गेली, हे मान्य करतात. माझंही तेच मत.

कोल्हापुरी_बॅकपास

नशिबाचा मुद्दा निघालाय तर याच्या फक्त पंधरा दिवस आधी, एक पायरी खाली, लीग वनमध्ये काय झालं तेही लिहितो. २७ एप्रिल २०१३, ब्रेंटफर्ड विरुद्ध डॉनकॅस्टर, साखळीचा शेवटचा सामना. जिंकलं तर ब्रेंटफर्ड थेट वर. बरोबरी झाली तर डॉनकॅस्टर. ०-० आणि इंज्युरी टाइममध्ये ब्रेंटफर्डला पेनल्टी. नेहमी पेनल्टी मारणारा केव्हिन ओकॉनर मैदानात होता, पण फुलमकडून उसना आलेला मार्चेलो ट्रोटा चेंडू सोडेना. त्याने मारली ती आडव्या खांबावर. डॉनकॅस्टरने तिथूनच धाव घेतली, बिली पेंटरने चेंडू आडवा दिला आणि जेम्स कॉपिंजरने रिकाम्या जाळ्यात घातला. १-०. डॉनकॅस्टर नुसते वर गेले नाहीत, त्या गोलने लीग वनचे विजेते झाले. ब्रेंटफर्ड प्लेऑफला गेलं आणि वेम्बलीला येओव्हिलकडून २-१ हरलं.

दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. पेनल्टी मारणाऱ्या संघाचे सगळे खेळाडू पेटीच्या कडेला, उलटून येणाऱ्या चेंडूसाठी. मागे कुणीच नाही. अशा वेळी चेंडू हातात आलेल्या संघासमोर अर्धं मैदान मोकळं असतं. म्हणजे @उजवा_विंगर म्हणतात ते बरोबर आहे, पण अर्धंच. वॅटफर्डचे सहा निर्णय बरोबर होते, आणि लेस्टरचा एक चुकीचा: दोन बचावपटू मध्यरेषेवर ठेवायला हवे होते. हिशेब बरोबरीचा असताना तर नक्कीच.

पेनल्टी कुणी मारायची यावरून होणारी ओढाताण आमच्याकडे शाहू स्टेडियमवरही पाहिली आहे. चेंडू काखेत धरून उभा राहिलेल्या पोराला बाजूला करणं कर्णधारालाही जमत नाही.

उजवा_विंगर

@कोल्हापुरी_बॅकपास, ब्रेंटफर्डचा सामना इथे आणलात ते उत्तम केलंत. मागे माणसं न ठेवण्याचा मुद्दा पूर्ण मान्य. नशीब नव्हतं या माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळतं.

@चंदगडकर, तुमच्या प्रश्नावर. प्लेऑफ १९८६-८७ मध्ये सुरू झाले. त्याआधी ठरावीक संघ थेट वर जायचे आणि मधल्या दहा-बारा क्लबांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्येच संपायचा. वर जायची आशा नाही, खाली जायची भीती नाही, प्रेक्षक येत नाहीत. आता दहाव्या क्रमांकावरचा क्लबही एप्रिलपर्यंत सहाव्या जागेवर डोळा ठेवून खेळतो. तिसऱ्यावर अन्याय होतो, हे खरंच आहे. पण त्या अन्यायावर बाकीच्या आठ-दहा क्लबांचा वसंत ऋतू जगतो, आणि क्लबांनी तो सौदा स्वीकारलेला आहे.

अन्याय कमी करायचे प्रयत्नही झाले. सगळ्यात मोठा इप्सविचमुळे. १९९९ साली इप्सविच तिसरे आले. उपांत्य फेरीत बोल्टनकडून बाहेर ०-१ हरले, घरी जादा वेळेत ४-३ जिंकले. एकूण ४-४, पण बोल्टनने परक्या मैदानावर जास्त गोल केले म्हणून बोल्टन पुढे. दोन वर्षांपूर्वीही ते असेच बाहेर गेले होते. त्यानंतर या प्लेऑफमधून परक्या मैदानावरच्या गोलांचा नियम काढून टाकला. आणि २००० मध्ये पुन्हा इप्सविच तिसरे, समोर पुन्हा बोल्टन! बाहेर २-२, घरी जादा वेळेत ५-३. मग वेम्बलीला बार्न्स्लीला ४-२ हरवून वर.

परक्या मैदानावरच्या गोलांचा तो नियम २०१३ मध्ये असता तर? तो जादा वेळेनंतर लागायचा. लेस्टरमध्ये वॅटफर्डचा गोल नव्हता, व्हिकरेज रोडवर लेस्टरचा एक होता. म्हणजे जादा वेळ संपेपर्यंत २-१च राहिलं असतं तर लेस्टर पुढे. वॅटफर्डला आधीच तिसरा गोल शोधत फिरावं लागलं असतं आणि सामना पूर्ण वेगळा झाला असता.

चंदगडकर

हे गणित डोक्यातच आलं नव्हतं! धन्यवाद. इप्सविचची गोष्ट तर स्वतंत्र धाग्याची आहे.

तरीही तिसऱ्याला आणखी थोडं काही मिळायला हवं असं माझं मत कायम. निदान बरोबरी झाल्यास वरच्या क्रमांकाचा संघ पुढे, एवढं तरी.

हिशेबी_मावशी

माझा फुटबॉलचा अभ्यास नाही, मुलगा बघतो म्हणून मी बघते. पण एवढा जीव तोडून का खेळतात हे आकड्यावरून कळलं. त्या वर्षीच्या अंतिम सामन्याची किंमत १२ कोटी पौंडांच्या घरात धरली जात होती ना? बक्षीस नव्हे, वर गेल्यामुळे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून पुढच्या काही वर्षांत मिळणारा पैसा. लगेच पुढच्या वर्षी खाली आले तरी काही वर्षं हप्त्याने रक्कम मिळत राहते.

दुसरा प्रश्न. वॅटफर्डच्या संघात उसने खेळाडू फार होते असं मुलगा म्हणतो. हे कसं चालतं?

उजवा_विंगर

हो मावशी, आकडा बरोबर आहे.

उसन्या खेळाडूंचं असं: २०१२च्या उन्हाळ्यात इटलीच्या पोत्झो कुटुंबाने वॅटफर्ड विकत घेतलं. इटलीतला उदिनेसे आणि स्पेनमधला ग्रनाडा हे क्लबही तेव्हा त्यांचेच होते. मग तिकडचे खेळाडू इकडे आले. व्हिद्रा उदिनेसेचा, आन्या ग्रनाडाचा, शिवाय चेल्सीकडून नथॅनियल चालोबा. इंग्लंडमधल्याच क्लबांकडून घेतलेल्या उसन्या खेळाडूंच्या संख्येवर बंधन होतं, परदेशातून आलेल्यांना तो नियम लागत नव्हता. वॅटफर्डने नियम मोडला नाही, फट वापरली. बाकीचे क्लब चिडले आणि त्या हंगामानंतर लीगने ती फट बुजवली.

वॅटफर्ड मला आवडतं, पण नियम बदलला ते योग्यच झालं. एका मालकाचे तीन देशांत तीन क्लब आणि खेळाडू हवे तसे फिरवायचे, हे बाकीच्यांसाठी चांगलं नाही. प्रशिक्षक जियानफ्रँको झोलाने त्या संघाला खेळवलं मात्र डोळ्यांचं पारणं फिटेल असं.

शेवटची_पायरी

झोलाचा उल्लेख आलाच आहे तर: गोल झाल्यावर तो मैदानात धावत सुटतो आणि धडपडून पडतो, तोही त्या क्लिपमध्ये आहे. चेल्सीसाठी इतकं सगळं जिंकलेला माणूस, आणि एवढा आनंद.

अनामिका_नागपूर

डीनीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. वीस सेकंद समजायला ते आवश्यक आहे.

जून २०१२ मध्ये डीनी तुरुंगात गेला. बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर झालेल्या मारामारीत त्याला दहा महिन्यांची शिक्षा झाली होती. त्याच्या थोडंच आधी, मे महिन्यात, वडील कर्करोगाने गेले होते. शिक्षेतले तीनेक महिने भोगून तो सप्टेंबरमध्ये बाहेर आला. वॅटफर्डने त्याला काढून टाकलं नव्हतं. त्या हंगामात लेस्टरविरुद्धचा धरून त्याने वीस गोल केले. म्हणजे आदल्या उन्हाळ्यात कोठडीत असलेला माणूस पुढच्या मे महिन्यात त्या गर्दीत उडी घेत होता. पुढे तो क्लबचा कर्णधार झाला, २०१५ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये गेला तेव्हाही तोच आघाडीला होता.

गोल बघताना मला दर वेळी त्याचं धावणं दिसतं. जखडलेला माणूस सुटल्यासारखं.

पंचाची_शिट्टी

@अनामिका_नागपूर, वाचून गलबलून आलं. पण एक गोष्ट नोंदवतो. त्या मारामारीत दुसऱ्या बाजूलाही माणूस होता, त्याच्या डोक्यात लाथ बसली होती. डीनीने शिक्षा भोगली, गुन्हा कबूल केला, नंतर त्याबद्दल उघडपणे बोलला, याचा आदर आहे. फक्त "एका गोलने सगळं धुऊन निघालं" अशी मांडणी अनेक लेखांत असते ती खटकते. तुम्ही तशी केलेली नाही, हे मुद्दाम सांगतो.

अनामिका_नागपूर

पूर्ण सहमत. गोल वेगळा, शिक्षा वेगळी. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो तो परत आल्यावर रोज सरावाला उभा राहिला म्हणून. सहकारी, प्रेक्षक, समोरच्या संघाचे पाठीराखे, सगळ्यांना तो कुठून आलाय ते ठाऊक होतं.

शेवटची_पायरी

ज्यांना पुढचं माहीत नाही त्यांच्यासाठी: वॅटफर्ड त्या वर्षी वर गेलंच नाही! २७ मे रोजी वेम्बलीला क्रिस्टल पॅलेसकडून जादा वेळेत ०-१ हरले. गोल पेनल्टीवर. विल्फ्रेड झाहाला पाडलं कुणी, तर कॅसेटीने. मारली ३९ वर्षांच्या केव्हिन फिलिप्सने, जो तरुणपणी वॅटफर्डकडूनच पुढे आला होता. आणि अल्मुनियाला या वेळी अडवता आली नाही.

तो शेवटचा महिनाच विचित्र होता. ४ मेला लीड्सविरुद्ध घरी जिंकले असते तर प्लेऑफची गरजच नव्हती. सामन्याआधी सराव करतानाच अल्मुनिया दुखावला. त्याच्या जागी आलेला जोनाथन बाँड टक्कर होऊन स्ट्रेचरवर गेला. मग जॅक बोनहॅम, पदार्पण. इकडे खेळ बराच वेळ थांबला होता, तिकडे थेट वर जाणाऱ्या दुसऱ्या जागेसाठी झगडणाऱ्या हल सिटीचा सामना आधी संपला. हलला शेवटी पेनल्टी मिळाली, ती चुकली, लगेच समोरच्या कार्डिफला मिळाली आणि ती आत गेली. २-२. म्हणजे वॅटफर्डला फक्त एक गोल हवा होता, आणि त्याच वेळी लीड्सच्या रॉस मॅककॉर्मकने बोनहॅमवरून चेंडू उचलून टाकला. १-२. हल ७९, वॅटफर्ड ७७.

उजवा_विंगर

अल्मुनियाचं हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं. ४ मे रोजी खेळू न शकलेला गोलरक्षक १२ मे रोजी ते दोन फटके अडवतो.

मुंबई_मिडफिल्ड

मग लेस्टरच्या दृष्टीने पेनल्टी चुकली ते बरंच झालं, नाही का? तेव्हा वर गेले असते तर कदाचित लगेच खाली आले असते. २०१६चं प्रीमियर लीगचं विजेतेपद आलंच नसतं.

बेलग्रेव्हकर

@मुंबई_मिडफिल्ड, हे खूप जण म्हणतात. मला हे ऐकायला आवडत नाही, का ते सांगते.

पुढचं सगळं खरं आहे. क्लबने प्रशिक्षक नायजेल पिअरसनला काढलं नाही. थाई मालकांनी भरवसा ठेवला, संघाचा कणा तोच राहिला: श्मायकल, वेस मॉर्गन, ड्रिंकवॉटर, अँडी किंग. पुढच्या हंगामात १०२ गुणांसह चॅम्पियनशिप जिंकली, आणि नॉकार्ट त्या संघात होता, लपून बसला नव्हता. मग प्रीमियर लीग, मग २०१६. व्हिकरेज रोडवर त्या दिवशी लेस्टरच्या बाकावर जेमी व्हार्डी आणि टॉटनहॅमकडून उसना आलेला हॅरी केन दोघेही होते. आज हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

पण यातलं काहीही त्या पेनल्टीने घडवलं नाही. हरलेल्या संघाला सांभाळून ठेवण्याचा निर्णय माणसांनी घेतला. असे हरलेले कितीतरी संघ पुढच्या वर्षी विस्कटतात, चांगले खेळाडू विकले जातात, प्रशिक्षक जातो. "बरंच झालं" म्हटलं की त्या उन्हाळ्यात क्लबमध्ये ज्यांनी हे सावरलं त्यांचं काम पुसलं जातं. आणि वॅटफर्डहून गाडीने परत येणाऱ्या पाठीराख्यांना तीन वर्षांनी काय होणार ते माहीत नव्हतं. त्यांचं दुःख खरं होतं.

नॉकार्टचंही पुढचं सांगते, कारण क्लिप तिथेच संपते. तो ब्रायटनला गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याचे वडील गेले, मोठा भाऊ आधीच गेलेला. त्याच हंगामात ब्रायटन वर गेलं आणि चॅम्पियनशिपचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली नॉकार्टची. २०२० मध्ये प्लेऑफ जिंकून वर गेलेल्या फुलमच्या संघातही तो होता.

मुंबई_मिडफिल्ड

हे वाचून माझं मत बदललं. असा विचार केला नव्हता. धन्यवाद.

कोल्हापुरी_बॅकपास

@बेलग्रेव्हकर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा.

अवांतर: तोच पिअरसन डिसेंबर २०१९ मध्ये वॅटफर्डचा प्रशिक्षक झाला! तेव्हा कर्णधार कोण, तर डीनी. तळाला पडलेला संघ त्याने वर ओढला, अपराजित लिव्हरपूलला ३-० हरवलं, आणि हंगामाचे दोन सामने उरले असताना त्याला काढलं. संघ खाली गेला. आधीच्या प्रतिसादातला सांभाळून ठेवण्याचा मुद्दा इथे उलट बाजूने बघा.

उजवा_विंगर

तेव्हाचा निर्णय मला आजही कळलेला नाही. दोन सामने उरले असताना प्रशिक्षक बदलून मिळतं काय?

@चंदगडकर, इप्सविच–बोल्टनवर स्वतंत्र धागा काढतो. २०००चा दुसरा सामना आधी पूर्ण बघून घेतो, कारण त्यात बोल्टनचे खेळाडू बाहेर काढले गेले तो भाग आठवणीवर विसंबून लिहिण्यासारखा नाही. @कोल्हापुरी_बॅकपास, ब्रेंटफर्ड–डॉनकॅस्टर तुम्ही लिहा.

कोल्हापुरी_बॅकपास

लिहितो. ट्रोटाने मारली त्या वेळी डॉनकॅस्टरचे किती जण पेटीत होते आणि किती पुढे, त्याचं चित्र काढून टाकतो, म्हणजे त्या धावेची सुरुवात नीट दिसेल.